तोरिनोतली पायी सफर: एकीकरणाची किंमतही सांगणारी गाइड

इटलीचं एकीकरण मी सव्वीस वर्षं शिकवलं. साताऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात, फळ्यावर तो बूट काढून, उत्तरेकडून एकेक तुकडा खडूनं रंगवत. मॅझिनी आत्मा, काव्हूर मेंदू, गॅरिबाल्डी तलवार, हे वाक्य माझ्या किती मुलांनी पेपरात लिहिलं असेल त्याची गणती नाही. प्रत्यक्ष इटली मात्र निवृत्तीनंतर पाहिली. धाकटी लेक तोरिनोच्या पोलितेक्निकोत शिकते. आपण पुस्तकात ज्याला ट्यूरिन म्हणतो तेच हे तोरिनो. गेल्या ऑक्टोबरात मी आणि हे तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. तिथं एका खासगी गाइडबरोबर केलेल्या पायी सफरीबद्दल लिहिते आहे. आपल्याकडचे लोक इटलीला जातात ते रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसा करून परततात, तोरिनो कुणाच्या यादीत नसतं. इतिहासाची थोडी जरी ओढ असेल तर एक दिवस इकडे काढा, आणि त्या दिवशी चांगली गाइड घ्या.

आधी व्यवहाराचं. सफर तीन तासांची, चार माणसांपर्यंत मिळून १६५ युरो, भाषा इंग्रजी, संग्रहालयाचं तिकीट वेगळं. लेकीनं एका बुकिंग साइटवरून नोंदवलं होतं. त्या साइटनं आदल्या रात्री वेळ बदलल्याचा मेल पाठवला, त्यात भेटायची जागाही चुकीची होती आणि मदतीचा फोन कुणी उचलेना. शेवटी रात्री साडेदहाला गाइडनं स्वतःच लेकीला फोन करून सगळं मार्गी लावलं. म्हणून माझा सल्ला, मध्यस्थाशिवाय थेट गाइडशी बोलता आलं तर बोला. इटलीत गाइडला परवाना लागतो, तो बघून घ्या.

सकाळी साडेनऊला पियाझ्झा कास्तेल्लो या चौकात ती उभी होती. पन्नाशीची, आखूड केसांची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लॅमिनेट केलेली चित्रं आणि नकाशे. तिनं पहिला प्रश्न विचारला, तुम्हाला आधीपासून काय माहीत आहे? मी माझी तीन नावं सांगितली. ती म्हणाली, "मग आज आपण त्या तिघांचं भांडण बघू." मला ती तिथंच आवडली. बहुतेक गाइड पाठ केलेलं सांगायला सुरुवात करतात. हिनं समोरच्याचा पाया कुठवर आहे ते आधी चाचपलं. मास्तरकी केलेल्या माणसाला याची किंमत कळते.

त्याच चौकात पालाझ्झो मादामा या जुन्या वाड्यासमोर हातात झेंडा आणि तलवार घेतलेल्या एका साध्या शिपायाचा पुतळा आहे. राजा नाही, सेनापती नाही, निशाणधारी शिपाई. व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराचं काम. मी एकटी असते तर पुढे निघून गेले असते. तिनं आम्हाला थांबवून खालची अक्षरं वाचायला लावली. हा पुतळा मिलानच्या लोकांनी पियेमोंतेच्या, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या सार्डिनियाच्या, सैन्याला दिलेली भेट आहे. मिलान तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. दगडावर तारीख कोरली आहे १५ जानेवारी १८५७ ही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ मोठ्या थाटात मिलानमध्ये शिरत होता. तो मिरवत असताना त्याच्याच प्रजेनं शेजारच्या राज्याच्या शिपायाला पुतळा द्यायचं ठरवलं आणि तारीखही तीच घातली. एवढं धाडस एका तारखेत बसवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. यांनी खिशातली वही काढून ती तारीख लिहून घेतली. हे एरवी प्रवासात हॉटेलच्या बिलाशिवाय काही लिहीत नाहीत.

तिथून चार मिनिटांवर पालाझ्झो कारिन्यानो. या वाड्यासाठी मी आले होते. समोरची बाजू सगळी विटांची. ग्वारिनो ग्वारिनी या वास्तुकारानं १६७९ मध्ये सुरू केलेलं काम. मधला भाग पुढे फुगलेला आणि दोन्हीकडचे भाग आत गेलेले, जणू भिंत ओली असताना कुणी दोन्ही हातांनी दाबली असावी. जवळ गेलं की वीट नुसती रचलेली नाही, साच्यातून घडवून काढलेली आहे हे कळतं. आतल्या चौकात तर विटांचे तारेच्या तारे आहेत. गाइडनं माझा हात धरून एका विटेवर ठेवला आणि म्हणाली, "संगमरवर परवडत होता, तरी त्यानं माती घेतली." दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की व्हिक्टर इमॅन्युएल इथं जन्मला. १८२० साली. पुढे १८६१ मध्ये इटलीचा पहिला राजा झाला तो हाच.

वाड्यासमोर एक जुनं रेस्तराँ आहे, देल काम्ब्यो, १७५७ पासूनचं. पियेमोंतेचा पंतप्रधान काव्हूर तिथं जेवायचा. त्याची ठरलेली जागा होती, तिथून समोरच्या संसदेवर नजर ठेवता यायची. आम्ही बाहेरूनच पाहिलं. तिथली ताटं आमच्या खिशाला झेपणारी नव्हती.

वाड्यातलं रिसोर्जिमेंतोचं, म्हणजे एकीकरणाच्या चळवळीचं, राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. दालनं पुष्कळ आहेत आणि सगळी बघायची तर दिवस जाईल. गाइडनं आम्हाला निवडक ठिकाणी नेलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. सगळ्यात जास्त वेळ आम्ही उभे राहिलो ते पियेमोंतेच्या जुन्या प्रतिनिधीगृहासमोर. अर्धवर्तुळात पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले बाक. १८४८ च्या क्रांत्यांमधून युरोपात जी सभागृहं निघाली त्यातलं मूळ रूपात उरलेलं हे एकच, असं संग्रहालय सांगतं. तुमच्या-आमच्या दिवाणखान्यांच्या मानानं मोठं, पण संसद म्हटल्यावर मनात येतं त्या मानानं केवढंसं! काव्हूरची जागा तिरंगी खुणेनं दाखवली आहे. मी त्या बाकाकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. लेकीनं नंतर सांगितलं की माझे डोळे भरून आले होते.

मग गाइड हळूच म्हणाली, "सिन्योरा, आता आकडे मोजूया." आणि तिनं तीन आकडे सांगितले. पहिला, राजाचा. इटलीचा पहिला राजा स्वतःला व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा म्हणवत राहिला, कारण सव्हॉय घराण्यात पहिला आधीच होऊन गेला होता. देश नवा, आकडा जुन्या गादीचा. दुसरा आकडा संसदेचा. नव्या इटलीची पहिली संसद १८६१ च्या फेब्रुवारीत भरली, तर तिला आठवी म्हटलं गेलं, कारण पियेमोंतेच्या आधीच्या सात मोजून पुढचा क्रमांक दिला. तिसरा आकडा मतदारांचा. सव्वादोन कोटींच्या घरातल्या त्या देशात मतदानाचा हक्क जेमतेम दोन टक्के लोकांना होता. ज्यांच्याकडे पैसा आणि अक्षर दोन्ही होतं, त्यांना. १७ मार्च १८६१ ला राज्य जाहीर झालं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. त्या दिवशी नेपल्सच्या किंवा सिसिलीच्या माणसाला काय वाटलं असेल, आपल्याला नवा देश मिळाला की नवा मालक, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नाही. विचारायला हवा होता.

हे सगळं ती पियेमोंतेच्याच राजधानीत उभी राहून सांगत होती. संग्रहालयात तिला ओळखणारे लोक होते, कुणी हात करत होतं, कुणी हसत होतं. तिनं आवाज खाली घेतला नाही.

भांडण बघू म्हणाली होती, ते तिनं खरंच दाखवलं. गॅरिबाल्डी आणि मॅझिनी या दोघांनाही ज्या राज्यानं फाशीची शिक्षा सुनावली ते राज्य म्हणजे हेच, पियेमोंते. मॅझिनीला १८३३ मध्ये, गॅरिबाल्डीला १८३४ मध्ये, दोघांच्याही गैरहजेरीत. गॅरिबाल्डी दक्षिण अमेरिकेत गेला तो हौसेनं नव्हे. पुढे १८६० मध्ये त्यानं हजारभर स्वयंसेवक घेऊन मे महिन्यात सिसिली गाठली आणि ऑक्टोबरात दक्षिण इटली राजाच्या पदरात टाकली. पण त्याआधीच मार्चमध्ये काव्हूरनं त्याचं जन्मगाव नीस फ्रान्सला देऊन टाकलं होतं, मदतीच्या मोबदल्यात. १८ एप्रिल १८६१ ला गॅरिबाल्डी लाल सदरा आणि अंगावर पोंचो अशा वेषात संसदेत आला आणि काव्हूरच्या सरकारनं भावाभावांत युद्ध पेटवायची तयारी केली होती, असा भर सभेत आरोप केला. गोंधळ असा झाला की बैठक थांबवावी लागली. ही सभा ज्या दालनात भरली ते आता नाही. याच वाड्याच्या चौकात घाईनं उभारलेली तात्पुरती इमारत होती, नंतर पाडली. तिनं आम्हाला त्या मोकळ्या चौकात नेऊन उभं केलं. "तो इथं उभा होता, तो तिथं बसला होता." सात आठवड्यांत, ६ जूनला, काव्हूर गेला. पन्नास वर्षांचा होता.

काव्हूरबद्दल तिनं सांगितलेली एक गोष्ट मला अजून सोडत नाही. ज्या माणसानं इटली जुळवली तो तोस्कानाच्या खाली कधी गेलाच नाही. पॅरिसला गेला, लंडनला गेला, रोम किंवा नेपल्स डोळ्यांनी पाहिलं नाही. आणि बोलायला-लिहायला त्याला फ्रेंच जवळची. मेंदू म्हणून आम्ही ज्याचं नाव लाल खडूनं लिहिलं, त्याच्या मेंदूत दक्षिण इटली ही कागदावरची गोष्ट होती.

एका चुकीची कबुली इथं द्यायलाच हवी. "इटली घडवली, आता इटालियन घडवायला हवेत," हे पियेमोंतेचा एकेकाळचा पंतप्रधान मासिमो दाझेल्यो याचं वाक्य म्हणून मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतलं. मी ते अभिमानानं म्हणून दाखवलं. गाइडनं नम्रपणे सांगितलं की या बांधीव रूपात ते त्याच्या आठवणींच्या पुस्तकात नाही. इटलीची पहिली गरज इटालियन माणसं तयार होण्याची आहे, अशा आशयाचं त्यानं लिहिलं आहे. त्याचं हे गोळीबंद रूप पुढच्या लोकांनी, त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी वगैरे, दिलेलं. शिवाय हाच दाझेल्यो नेपल्सला जोडून घ्यायच्या विरोधात होता. एका पत्रात त्यानं लिहिलं की नेपल्सवाल्यांशी एक होणं म्हणजे देवीच्या रोग्याशेजारी झोपणं. सव्वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

वाड्याच्या मागच्या बाजूनं बाहेर पडलो तर जणू दुसरीच इमारत. पुढून लाल वीट, मागून फिक्या दगडाचे खांब आणि कमानी. नव्या देशाच्या संसदेसाठी हा भाग बांधायला घेतला होता. तो १८७१ मध्ये पुरा झाला तेव्हा राजधानी आधी फ्लॉरेन्सला आणि मग रोमला निघून गेली होती. संसदेसाठी बांधलेल्या त्या भव्य दालनात संसद एकदाही भरली नाही.

आणि राजधानी जाताना काय झालं, ते तिनं पियाझ्झा सान कार्लोमध्ये सांगितलं. सफरीचा हा भाग ऐकण्यासाठी मी पुन्हा १६५ युरो देईन. चौक फार सुंदर आहे, दोन्ही लांब बाजूंनी सारख्या इमारती, खाली कमानींच्या ओसऱ्या, मध्ये घोड्यावरचा सव्हॉय घराण्यातला ड्यूक. लोक कॉफी पीत बसलेले. तिनं आम्हाला एका पाटीसमोर नेलं. सप्टेंबर १८६४ मध्ये फ्रान्सशी करार झाला की फ्रेंच सैन्य रोममधून निघेल आणि इटली आपली राजधानी फ्लॉरेन्सला नेईल. तोरिनोच्या लोकांना ही बातमी त्यांच्या सरकारकडून नीट कळलीसुद्धा नाही, कुजबुजीतून कळली. २१ आणि २२ सप्टेंबरला लोक रस्त्यावर आले. पहिल्या दिवशी पियाझ्झा कास्तेल्लोमध्ये, दुसऱ्या दिवशी इथं, जमावावर गोळ्या चालल्या. पन्नासहून अधिक माणसं मेली. अंधारात, गोंधळात शिपायांच्या गोळ्या शिपायांनाही लागल्या. मिंगेत्ती पंतप्रधान होता, राजानं त्याला घरी पाठवलं. एकीकरणासाठी सगळ्यात जास्त खर्च ज्या शहरानं केला त्याच शहरात नव्या देशाच्या सैन्यानं आपल्याच लोकांवर गोळी झाडली. ही घटना माझ्या नोट्समध्ये एका ओळीनंही नव्हती. तिथं "१८६५ – राजधानी फ्लॉरेन्स" एवढंच होतं.

यांचे गुडघे बोलायला लागले होते म्हणून आम्ही ओसरीतल्या एका कॅफेत बसलो. हे सफरीत धरलेलं नव्हतं, तरी ती आमच्याबरोबर बसली आणि आपल्या कॉफीचे पैसे तिनंच दिले. बिचेरिन घ्या म्हणाली. लहानशा काचेच्या पेल्यात खाली गरम चॉकलेट, मग कॉफी, वर मलईचा जाड थर. ढवळायचं नाही. गारशा मलईतून कडक गरम कॉफी ओठाला येते. यांनी सवयीनं चमचा घातला, तर तिनं यांचा हात धरला.

तिथं तिनं आपल्या घरचं सांगितलं. तिचे आजोबा १९५८ मध्ये बाझिलिकाताहून, बुटाच्या टाचेजवळच्या डोंगराळ मुलखातून, आगगाडीनं इथं आले आणि मोटारीच्या कारखान्यात लागले. त्या दशकात लाखो माणसं दक्षिणेतून आली. १९५१ मध्ये सव्वासात लाखांच्या आतबाहेर असलेलं तोरिनो १९६१ मध्ये दहा लाखांच्या वर गेलं. "दक्षिणेकडच्यांना घर भाड्यानं देणार नाही," अशा पाट्या तेव्हा घरांवर लागत. एकीकरणाला शंभर वर्षं होत होती, आणि शंभरीचं मोठं प्रदर्शन १९६१ मध्ये याच शहरात भरलं होतं. आजोबांना घरमालकिणीचं बोलणं समजत नसे, तिला आजोबांचं. तिनं कागदी रुमालावर 'मुलगा' हा शब्द लिहून दाखवला. पुस्तकी इटालियनमध्ये 'रागात्सो', नेपल्सकडे 'ग्वाल्योने', सिसिलीत 'पिच्चोत्तो', व्हेनिसकडे 'तोझो', आणि इथं पियेमोंतेत लहान पोराला 'चित'. माझं माहेर सावंतवाडीचं. मी खाली 'पोरगा' आणि 'झील' लिहून दाखवले, तशी ती मोठ्यानं हसली. पण आमच्याकडे पोरगा म्हणणाऱ्याला झील कळतो. तिच्या आजोबांना चित कळत नव्हतं. १८६१ मध्ये दर चारांतले तीन इटालियन निरक्षर होते, आणि पुस्तकी इटालियन घरात बोलणारे तर मूठभर. लष्करातली सक्तीची भरती, शाळा, आणि शेवटी टीव्ही यांनी ही भाषा घरोघरी नेली. आजोबा इटालियन शिकले ते टीव्हीसमोर, असं ती म्हणाली.

त्यांच्या मुलखात १८६१ नंतर जे घडलं त्याला सरकारी भाषेत दरोडेखोरी म्हणतात. कार्मिने क्रोक्को हा त्यांचा मोठा म्होरक्या, बाझिलिकाताचाच. आधी गॅरिबाल्डीच्या बाजूनं लढलेला, नंतर नव्या सरकारविरुद्ध. कारणं सरळ होती. जमिनीच्या वाटपाची आशा दाखवली गेली आणि जमीन पुन्हा मोठ्या लोकांच्याच घशात गेली. वर नवे कर आणि सक्तीची लष्करभरती. १८६३ च्या पिका कायद्यानं लष्करी न्यायालयं आणि गोळी घालायचे अधिकार आले. त्याआधीच १४ ऑगस्ट १८६१ ला दक्षिणेतलंच पोंतेलान्दोल्फो हे गाव सैनिकांच्या हत्येचा सूड म्हणून सैन्यानं जाळलं. किती माणसं मेली, असं मी विचारलं. तिनं आकडा सांगितला नाही. इतिहासकारांत वाद आहे, म्हणाली, आणि आजकाल एकीकरणाआधी दक्षिणेवर राज्य करणाऱ्या बुर्बोन राजांच्या नावानं गळे काढणारे लोक तो फुगवून सांगतात, त्यांना मी हातभार लावणार नाही. बुर्बोनांच्या राज्यात इटलीतली पहिली रेल्वे १८३९ मध्ये धावली हे खरं, आणि त्याच बुर्बोन राजानं १८४८ मध्ये मेसिनावर तोफा डागल्या हेही खरं. २०११ मध्ये, दीडशेव्या वर्षी, राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष जुलियानो आमातो पोंतेलान्दोल्फोला गेले आणि त्यांनी गावाची क्षमा मागितली. हे सांगताना तिचा स्वर बदलला. तोरिनोत आम्हाला दक्षिणेकडचे म्हणतात आणि आजोबांच्या गावी गेलो की तोरिनोवाले म्हणतात, एवढंच ती पुढे म्हणाली आणि पेला बाजूला सारला.

आता उणिवा. मॅझिनी तिनं फार घाईत उरकला. तो जेनोव्हाचा, तोरिनोत त्याच्या खुणा कमी, हे मान्य. पण ज्यानं १८३१ मध्ये यंग इटली ही संघटना काढली आणि १८७२ मध्ये पिसात, आपण घडवायला निघालो त्याच देशात, ब्राऊन या खोट्या नावानं राहत असताना प्राण सोडला, त्याला तीन तासांत दहा मिनिटं कमी आहेत. मी तिला सांगितलं की माझ्या भाषेत मॅझिनीचं आत्मचरित्र १९०७ मध्येच आलं होतं. सावरकरांनी लंडनमध्ये बसून ते मराठीत आणलं आणि ब्रिटिश सरकारनं ते जप्त केलं. आणि दोनच वर्षांनी गांधींनी 'हिंद स्वराज'मध्ये नेमका तोच प्रश्न मांडला जो तू आज सकाळपासून मांडते आहेस. व्हिक्टर इमॅन्युएलची इटली झाली, पण मॅझिनीला हवी होती ती, सामान्य कष्टकऱ्याची, झाली का? तिनं डायरी काढून दोन्ही नावं माझ्याकडून अक्षरशः लिहून घेतली. दोन विरुद्ध टोकांची माणसं एकाच इटालियनाकडे बघत होती, याचं तिला फार नवल वाटलं.

दुसरी उणीव, बायका. अडीच तास होऊन गेले तरी एकाही बाईचं नाव आलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तिनं क्रिस्तिना दी बेल्जोयोझोबद्दल भरभरून सांगितलं. १८४९ च्या रोमन प्रजासत्ताकात जखमींच्या इस्पितळांची व्यवस्था या बाईनं उभी केली होती. मिलानमध्ये तिचा पुतळा बसायला २०२१ साल उजाडलं, आणि शहरातल्या चौकात खऱ्याखुऱ्या बाईचा बसलेला तो पहिलाच पुतळा. इतकं माहीत असताना विचारायची वाट का बघायची? मी तिला तसं तोंडावर बोलले. तिनं मान्य केलं.

तिसरं, ती भराभर चालते. तोरिनोच्या कमानींखालच्या ओसऱ्यांमुळे ऊन-पाऊस लागत नाही, पण बसायला जागा कमी. घरात कुणी ज्येष्ठ असेल तर आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती मधे थांबे घालते. सांगितल्यावर तिनं यांच्यासाठी वाट बदलली होती.

तीन तासांची सफर पावणेचार तास चालली आणि जास्तीचे पैसे तिनं घेतले नाहीत. शेवट तिनं पोर्ता नुओव्हा स्टेशनवर केला. आमच्या घराची बस तिथून मिळणार होती, पण तिचंही कारण होतं. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या तेव्हा इथं थांबत. आजोबा उतरले ते इथं, दोरीनं बांधलेली खोकी घेऊन, नोव्हेंबरात, अंगात पातळ कोट. तिनं फलाटाकडे नुसता हात केला आणि आमचा निरोप घेतला.

ज्यांना वाडे आणि चित्रं पाहायची आहेत, फोटो हवेत, त्यांनी हिच्याकडे जाऊ नये, कंटाळतील. दहावीच्या पुढची मुलं बरोबर असतील तर अवश्य न्या. नोंदणी करताना स्वतःबद्दल चार ओळी लिहा, काय वाचलं आहे, काय पाहायचं आहे, ती त्याप्रमाणे तयारी करून येते. सान कार्लोची पाटी आणि वाड्याच्या चौकातला थांबा हे दोन्ही आवर्जून मागून घ्या. वेळ कमी असला की तेच गळतात, असं तिनंच सांगितलं. लेकीचा पदवीदान समारंभ मार्चमध्ये आहे. आम्ही १७ तारखेची सकाळ तिच्याकडे आत्ताच नोंदवून ठेवली आहे, या वेळी फक्त मॅझिनीसाठी, जेनोव्हात.